दोन ब्रेकची गाडी

दि. ६ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून कागद हाती घेतला.

बातमी आनंदाची आहे. आपल्या चिमणीला नोकरी लागली. धरणाखालच्या जलशुद्धीकरण केंद्रात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. पक्की नोकरी. एक एप्रिलला हजर व्हायचं. घोडं अडलंय ते रस्त्यापाशी. बस फाट्यापर्यंतच जाते. पुढे घाट आणि निर्मनुष्य उतार. ती म्हणत होती की तिकडेच खोली घेऊन राहते. मी म्हटलं, बाप जिवंत असताना खोल्या कसल्या शोधतेस? तेव्हा तिला एक लहानशी गाडी घेऊन द्यायची आहे. नवी झेपणार नाही, वापरलेलीच, पण विश्वासू. आमच्या गावात विकायला येणाऱ्या गाड्या म्हणजे माझ्याच विद्यार्थ्यांनी ठोकलेल्या, त्यांची कुंडली मला पाठ आहे. तुमच्या शहरात बाजार मोठा. तू पाहशील का?

पाहायला सकाळी जा. बॉनेटवर हात ठेव. ते गरम लागलं तर समज, तू यायच्या आधीच त्याने गाडी चालू करून तिचा खोकला काढून घेतलाय. दाराच्या कडेचा रंग आणि मधला रंग ताडून बघ. पेडलचं रबर बघ. सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून बघ. आणि का विकतोय ते विचार. ते तर तू विचारशीलच, पोलिसांनाही विचारायचीस.

चिमणीची काळजी नको. हात चांगला बसलाय तिचा. माझ्या शिकाऊ गाडीवर इतकी वर्षं चालवते, कधी साधा ओरखडा नाही. लायसन्सही पहिल्या फटक्यात मिळालं. शेजारी मी होतोच म्हणा.

मोटार ट्रेनिंगची शाळा मी आता आटोपतीच घेतली आहे. पाय कुरकुरतात.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

---

दि. १५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि शेजारणीला हाका मारून मारून सांगितलं. तिने विचारलं, भाची काय करणार? म्हटलं, अख्खं शहर जे पाणी पितं, ते आधी माझी भाची पारखणार. तिने नाही म्हटलं तर मंत्र्यालाही तहानलेलं राहावं लागेल.

अरे, कारखान्याच्या फाटकापुढे टेबलावर उभी राहून मी आयुष्यभर बायकांना एकच गोष्ट ओरडून सांगितली: पगार आपल्या हातात आणि चावी आपल्या हातात. पगार पुष्कळ जणींच्या हातात आला. चावी फार थोड्यांच्या आली. घराची, कपाटाची, गाडीची चावी कुणा ना कुणा भल्या माणसाच्या खिशात राहिली, आणि तो भला होता म्हणून त्यांना मागताही आली नाही. दुष्टाशी भांडता येतं रे. भल्याशी कसं भांडायचं, याचं भाषण मला आजवर सुचलेलं नाही. आपली चिमणी स्वतःची चावी घेऊन स्वतःच्या कामाला जाणार, एवढ्यासाठी मी या वयात शहरातल्या सगळ्या लबाडांची दारं ठोठावायला तयार आहे.

सुरुवात केलीही. एका दातांच्या डॉक्टरची लाल गाडी पाहिली. दिसायला देखणी, मीटरवर आकडाही कमी. पण का विकता म्हटलं तर गृहस्थ मिठाची गुळणी धरून बसले. जगाला आ करायला लावणाऱ्याने स्वतःचं तोंड मिटून घ्यावं, हे मला रुचलं नाही. तरी फोटो पाठवते आहे.

चिमणीला सांग, आत्याच्या अंगात पुन्हा मोर्चा संचारलाय. पायांना तेल लाव. कुरकुरणारे पाय मलाही आहेत, मी त्यांचं ऐकत नाही.

अक्का

---

दि. ८ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडचे दोन दिवस बरे गेले, फक्त निळी गाडी विकणाऱ्या त्या चष्मेवाल्याला तू काठी उगारून जे व्याख्यान दिलंस, त्याची खरं तर गरज नव्हती. तो बिचारा शेवटी मलाच विचारत होता की बाई कोणत्या पक्षाच्या.

चारही गाड्या मनातून काढून टाक. डॉक्टरच्या गाडीच्या फोटोत ब्रेकचं रबर कोरं करकरीत आहे. एवढी कमी चाललेली गाडी, मग रबर बदलायची वेळ का आली? मीटर मागे फिरवलाय. चष्मेवाल्याची निळी मी स्वतः पाहिली. पट्टा शेवटपर्यंत ओढल्यावर आत चिखलाची रेघ निघाली. ती गाडी पुरात बुडालेली आहे. तिसरी, ती शिक्षकाची, तिचं स्टिअरिंग मला जड वाटलं. चौथीला आरसा लहान होता.

तू म्हणशील, आरसा बदलता येतो. येतो. पण गाडी विश्वासू पाहिजे, अक्का. माणूस काय, आज शेजारी आहे, उद्या नसेल. गाडीनं दगा देता कामा नये.

चिमणीने नोकरीचे कपडे शिवून घेतले. रोज आरशासमोर उभी राहते आणि मला विचारते, बाबा, साहेब दिसते का? मी म्हणतो, दिसतेस. तिची आई असती तर तिने दृष्ट काढली असती, मला ते जमत नाही.

घाई नाही, सावकाश पाहा. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

दि. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाई नाही? एप्रिल काय तुझ्या सोयीने येणार आहे?

मी गाडी घेतली. तुला न विचारता. एका निवृत्त ग्रंथपाल बाईंची, दुधी रंगाची, पहिल्या दिवसापासून एकाच हातातली. का विकता विचारलं तर बाईंनी सरळ सांगितलं की डोळे गेले, आता पुस्तकंही दुसऱ्याकडून वाचून घेते. ग्यारेजमध्ये गाडी उचलून धरून खालून, वरून, आतून पाहून घेतली. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं चोख. पट्टा शेवटपर्यंत ओढला तर आत एक सुकलेलं गुलाबाचं पान सापडलं, तेवढं काय ते. शुक्रवारी ड्रायव्हर घेऊन येईल, त्याला जेवू घाल.

आता ऐक. पहिल्या दोन गाड्यांना तू नावं ठेवलीस ती वाजवी होती. पण आरसा लहान? अरे, व्यवस्थापनाच्या माणसांबरोबर पगाराच्या बोलण्यात मी जन्म घालवलाय. ज्याला करार करायचाच नसतो तो आधी आकड्यावर अडतो, मग तारखेवर, आणि शेवटी खोलीतल्या पंख्यावर. तू पंख्यापर्यंत पोचलास. तुला चांगली गाडी नको आहे, धाकट्या. तुला गाडीच नको आहे. मुलगी दूर चाललेली बघवत नसेल तर रड एकदाचा. तुझ्या रडण्याचा दोष गाडीच्या माथी मारू नकोस.

रागावलास तर पत्र लिही, गप्प बसू नकोस.

अक्का

---

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गाडी फार गोड आहे. तिला मी बाई म्हणते. दार लावलं की पुस्तक मिटल्यासारखा आवाज येतो. तू माझ्यासाठी एवढी पायपीट केलीस, आणि मी तुला हे लिहितेय, याची लाज वाटते.

बाबा तुला कळवतील की ब्रेक नरम निघाले. तसं काही नाही. ब्रेक उत्तम आहेत.

मंगळवारी बाबा बाहेर गेले होते. मी चावी घेतली आणि घराशेजारच्या बंद गोदामामागच्या पटांगणात बाईला घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत एकटी. शेजारची सीट रिकामी. आत्या, काय मजा आली म्हणून सांगू! गोल गोल फिरवली, हॉर्न वाजवला, मोठ्याने गाणं म्हटलं. बाबा शेजारी असताना कधी म्हटलं नव्हतं. मग म्हटलं, आता थांबवू. समोर गोदामाची भिंत होती. पाय ब्रेकवर नेला, अगदी शिकवलाय तसा, टाच टेकवून. आणि गाडी थांबेना.

थांबेल कशी? मी दाबतच नव्हते. पाय नुसता ठेवला होता. मी वाट पाहत होते.

शिकाऊ गाडीत बाबांच्या बाजूला दुसरं पेडल असतं, ते तुला माहीत आहे. ते माझ्या पेडलला सळईने जोडलेलं. त्यांनी दाबलं की माझ्या पायाखालचंही आत जातं. इतकी वर्षं मी पाय ठेवत आले, पेडल आत जात आलं, गाडी थांबत आली. मला वाटायचं मी थांबवते. वळणावर, सिग्नलला, लायसन्सच्या परीक्षेतसुद्धा. माझा पाय त्यांच्या पायाच्या भरवशावर वाढला, आणि मला कधी कळलंच नाही.

भिंतीला अगदी हळू लागली. बंपर चेपला, एक दिवा फुटला. मला काहीही झालेलं नाही. पण मी तिथेच बसून राहिले आणि आठवत गेले, एक तरी थांबणं माझं होतं का? एकही सापडलं नाही.

बाबा आले. आधी माझं तोंड दोन्ही हातांत धरून लागलं का ते पाहिलं. मग बंपर पाहिला. मी सगळं सांगितलं. ते वाकून चाकाकडे बघत राहिले आणि म्हणाले की ब्रेक नरम आहेत, अक्काचा ग्यारेजवाला चोर आहे. मी म्हटलं, बाबा, ब्रेक नाही, मी. ते म्हणाले की माझ्या शेजारी बसलेल्या एकाही माणसाला आजवर खरचटलं नाही. आणि आत निघून गेले.

त्यांना ठाऊक होतं, आत्या. पहिल्या दिवसापासून. म्हणून आरसा लहान होता.

अजून एक सांगते, ते त्यांनी तुला लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात ते घरी आले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, साखरेने पायाच्या नसा गेल्या, परत येणार नाहीत, गाडी बंद करा. तुला त्यांनी पाय कुरकुरतात असं लिहिलं असेल. ते कुरकुरत नाहीत. ते गप्प झालेत.

एप्रिल जवळ आला. मी काय करू?

तुझी,
चिमणी

---

दि. १४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी घरभर फेऱ्या मारल्या. या घरात माझं ऐकायला भिंतीच उरल्या आहेत, त्यांना सगळं सुनावलं. आता तुला सांगते.

तुझा बाप वाईट नाही. वाईट असता तर मी पहिल्या गाडीने येऊन त्याला सरळ केला असता. त्याने हजारो लोकांना थांबायला शिकवलं, एकट्या तुला नाही. का? कारण ते हजार लोक शिकून निघून जाणार होते, आणि ते त्याला चालणार होतं. पोरी, जगात जुलूम पुष्कळ प्रकारचे पाहिले. चाबकाचा पाहिला, उपासमारीचा पाहिला. पण पायाखालचं पेडल हळूच आत ढकलून, शाबास, छान थांबवलीस म्हणणारी माया हा सगळ्यात अवघड. त्यात वळ उठत नाही. माणूस मोठं होतं आणि एक दिवस भिंतीवर जाऊन आदळतं.

रडून झालं असेल तर सामान भर. माझ्याकडे ये. इथे एक बाई आहे, रुग्णवाहिका चालवायची. ती तुला साध्या, एका ब्रेकच्या गाडीत शिकवेल. शेजारी शेंगा खात बसेल, आणि तेही पायांची मांडी घालून. मी विचारून ठेवलंय. पंधरवड्यात तुझा पाय तुझा होईल. पाय शिकतो, गं. माणूस कोणत्याही वयात चालायला शिकतो, मग थांबायला का नाही?

त्याच्या पायाचं वाचलं. त्यावर नंतर बोलू. आधी तू नीघ.

वाट पाहते.

आत्या

---

दि. ५ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी गाडी अव्वल निघाली. मी उगाच शंका घेत होतो, तुझ्या पारखीला सलाम. बंपर सरळ करून घेतला, दिवा नवा बसवला. ब्रेकचाही प्रश्न मिटला. शाळेच्या गाडीचं दुसरं पेडल काढून तुझ्या गाडीला जोडून घेतलं. मिस्त्री म्हणाला की खाजगी गाडीला हे कशाला. म्हटलं, तुला मुलगी नाही म्हणून विचारतोस.

चिमणी एक तारखेला हजर झाली. मी रोज बरोबर जातो. ती चालवते, मी शेजारी. ती आत कामाला गेली की मी फाटकाबाहेर झाडाखाली गाडीतच बसतो. पहारेकरी पेपर देतो. संध्याकाळी परत. दिवस कसा जातो कळत नाही. शाळेची पाटी उतरवल्यापासून घर खायला उठायचं, आता तसं होत नाही.

तुझ्याकडे येण्याचं ती म्हणत होती. बॅगही भरली होती. मी अडवलं नाही हं, देवाशपथ. जा म्हटलं. फक्त जेवताना विचारलं, की मग मी दिवसभर काय करायचं? साधा प्रश्न होता. तिने उठून बॅग रिकामी केली. शहाणी आहे.

पायाचं म्हणशील तर डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, फरक आहे.

आता काळजीचं काही उरलं नाही. अशीच आठवण ठेवून असावं.

तुझा,
धाकटा

---

दि. ११ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद तोंडात येत नाहीये, म्हणून मायना गाळला.

तुझ्या पायात जीव नाही हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुला चप्पल पडलेली कळत नाही, मग पेडल कळणार आहे? घाटाच्या उतारावर पोरीचा पाय तुझ्या पायाची वाट पाहणार, आणि तुझा पाय मेलेला. एका गाडीत दोन ब्रेक आणि दाबणारं कुणी नाही! तू तिला सांभाळत नाहीयेस. तू तिला स्वतःबरोबर खाली नेतो आहेस, आणि वर मला लिहितोस की काळजीचं काही उरलं नाही.

ते पेडल काढ. आजच्या आज काढ. तू काढलं नाहीस तर पुढच्या महिन्यात मी पाना घेऊन येते आणि तुझ्या डोळ्यांदेखत काढते. मला थांबवायला तुझ्यापाशी कुठलंही पेडल नाही.

अक्का

---

दि. २ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे माझ्या आधी गाडीत जाऊन बसले.

सोमवारी जे झालं ते फक्त तुला लिहितेय. घाट उतरून आम्ही केंद्राच्या वळणावर आलो, आणि फाटकातून पाण्याचा टँकर मागे मागे रस्त्यावर आला. त्याने पाहिलं नव्हतं. माझा पाय ब्रेकवर गेला आणि थांबला, तुला माहीत आहे तसा. पेडल आत जाईना. मी वाट पाहिली. पेडल तरीही जाईना. टँकरच्या पाठीवरची अक्षरं मोठी मोठी होत गेली आणि मग माझ्या पायाने काय केलं ते मलाच नंतर समजलं. गाडी थांबली. मध्ये हात घालता आला नसता, इतकी कमी जागा उरली होती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दात आवळले होते, कपाळ घामाने भिजलं होतं, गुडघा थरथरत होता. अंगातला सगळा जोर त्यांनी पायात आणला होता. पाय पेडलवर नव्हता, आत्या. तो पेडलच्या बाजूला होता, नुसत्या पत्र्यावर. त्यावर ते अजूनही दाबत होते.

मग त्यांनी श्वास सोडला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. शाळेची पाटी उतरल्यापासून असे हसले नव्हते. म्हणाले, बघ, आज मी नसतो तर?

मी म्हटलं, हो बाबा.

त्यांनी ते पहारेकऱ्याला सांगितलं. टँकरवाल्याला सांगितलं. मी आत गेल्यावर प्रयोगशाळेत येऊन आमच्या साहेबांनाही सांगितलं, पाय कसा क्षणात पडला ते बसून करून दाखवलं. सगळे मला म्हणाले की असा बाप नशिबाने मिळतो. मी नळाखाली बाटल्या धूत राहिले. वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो मी शोधत होते.

मला आता थांबवता येतं. त्यानंतर रोज मीच थांबवते, त्यांच्या थोडं आधी, हळूच, त्यांना कळणार नाही असं. आणि त्यांचा पाय शेजारी पत्र्यावर पडलेला असतो. घरी आल्यावर ते तो गरम पाण्यात ठेवतात आणि म्हणतात की आज फार काम पडलं त्याला.

तू पाना घेऊन निघायच्या तयारीत असशील. तिकीट काढलं असलंस तर परत कर. येऊ नकोस, आत्या.

तुझी,
चिमणी